मिरीच्या पुढे बंद पडलेली आठशे

या ग्रुपवर मला ओळखणारे मला भांडकुदळ म्हणूनच ओळखतात. कुणी लिहिलं की घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की खाली माझी कॉमेंट ठरलेली — "हेडलाइटची काच पुसून घ्या." कुणाचे आजोबा स्वप्नात येऊन विहिरीची जागा दाखवून गेले, तर मी विचारणार, "आणि पाणी किती फुटांवर ते नाही सांगितलं?" दोनदा ॲडमिननी मला समज दिलीय. त्यामुळे आज मी स्वतःच लिहायला बसलेय म्हटल्यावर बऱ्याच जणांना आनंद होईल... होऊ द्या. हसून घ्या आधी.

पण एक सांगून ठेवते. मी तेव्हाही मानत नव्हते आणि आजही मानत नाही. भूत, आत्मा, बाहेरचं, लागीर — काही नाही. फक्त जे झालं ते झालं, आणि लोक काय म्हणतील म्हणून ते झालंच नाही असं मी म्हणणार नाही. तेवढा खोटेपणा मला जमत नाही.

मी वंदना. वय एकेचाळीस. शेवगावात माझं छोटं ब्युटी पार्लर आहे. लग्नसराईत नवरीचा मेकअप करायला आसपासच्या गावांत जाते. मेकअपची पेटी, भाड्याचे दागिने, केसांची मशिनं आणि तो गोल लाइट घेऊन एसटीने कधी फिरून बघा, म्हणजे मला गाडी का लागते ते कळेल. गाडी म्हणजे जुनी कार्ब्युरेटरवाली आठशे. माझे मिस्टर साखर कारखान्यात फिटर होते. त्यांनी ती सेकंडहँड घेतली, स्वतःच्या हाताने उघडून पुन्हा बांधली आणि मला तिच्यावरच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. ड्यूटीवरच, हार्ट अटॅकने. गाडीत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी त्यावरूनही गोष्टी रचल्या.

आम्हाला मूल नाही. म्हणजे गाडीला वारस दोनच — मी आणि माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. वय बहात्तर, उंची पावणेपाच फूट असेल-नसेल, दोन्ही गुडघे गेलेले आणि जीभ मात्र शाबूत. आमचं दोघींचं भांडण कधी नव्हतं, पण गोडीही नव्हती. एका घरात राहायचं, जेवायला वाढायचं, औषध आणून द्यायचं, आणि कामापुरतं बोलायचं. चौदा वर्षं असंच चाललं होतं.

माझे मोठे दीर, त्यांना सगळे आण्णा म्हणतात. मिस्टर गेल्यापासून त्यांचं एकच चालू होतं — "ती गाडी भंगारात घाला. आपल्याला धार्जिणी न्हाई ती. आन् बाईमानसानं गावोगाव गाडी घेऊन हिंडायचं, लोकं मला विचारत्यात." गाडी माझ्या नावावर करायची तर नगरच्या ऑफिसात आत्यांची सही हवी होती. आत्या ना हो म्हणत ना नाही. शेवटी संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील, त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मला त्या गाडीतून नगरला ने. गाडी नीट गेली तर सही करते. वाटंत बंद पडली तर आण्णा म्हनतो तसं."

झालं. म्हणजे माझं पार्लर, माझी सराई, माझं एकटीनं उठून कुठेही जाणं, सगळं त्या सत्तर-ऐंशी किलोमीटरवर येऊन ठेपलं. मी म्हटलं, चालेल.

सकाळी निघताना आण्णा दारात उभे. मला म्हणाले, "दोरी घेतली का? ओढून आनायला लागंल." मी चोक ओढला, एका सेल्फमध्ये गाडी सुरू केली आणि त्यांच्या अंगावर थोडा धूर सोडून निघाले. मुद्दाम सोडला, कबूल करते.

नव्या गाड्यांवाल्यांसाठी इथे एक सांगायला हवं. चोक म्हणजे डॅशबोर्डला असतं ते एक ओढायचं बटण. थंडीत ते बाहेर ओढलं की इंजिनला पेट्रोल जास्त मिळतं आणि गाडी चटकन सुरू होते. जरा गरम झाली की ते आत ढकलायचं. पण इंजिन गरम असताना चोक ओढलेला राहिला, की पेट्रोल इतकं जातं की प्लग ओले होतात. मग कितीही सेल्फ मारा, गाडी नुसती कण्हते. उपाय एकच — धक्का स्टार्ट. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत, मागून धक्का. वेग आला की क्लच सोडायचा. मिस्टर मागून ढकलायचे आणि डिकीवर दोन थापा मारायचे, ट्रकचे क्लीनर मारतात तशा. थाप पडली की मी क्लच सोडायचे. आमचं हे इतकं सवयीचं होतं की तोंडाने बोलायची गरज नसे.

आम्ही मिरीमार्गे निघालो होतो. मिरी गाव सोडून पाच-सहा किलोमीटर गेल्यावर आत्या म्हणाल्या, "जरा थांबीव. आडोशाला जाऊन येते." मी गाडी कडेला घेतली. डावीकडे बाभळी, उजवीकडे तूर काढून मोकळं झालेलं रान, रस्ता अगदी सपाट. त्या रानापलीकडे तीन-चार घरांची वस्ती. साडेदहा वाजले होते. स्वच्छ ऊन होतं. कुठे धुकं नाही, अंधार नाही, अमावस्या नाही. वाट बघू नका.

आत्या परत येऊन बसल्या, मी सेल्फ मारला. गाडी घुरघुरली आणि थांबली. पुन्हा मारला. ॲक्सिलरेटर दोन-चारदा पंप केला, जे करायचं नसतं. पुन्हा सेल्फ, पुन्हा सेल्फ... आणि पेट्रोलचा वास आला तेव्हा माझी नजर खाली गेली. चोक अख्खा बाहेर.

आत्यांजवळ एक कापडी पिशवी असते. त्यात गोळ्या, मिश्रीची डबी, किल्ल्या, सगळा संसार. घरी ती खुंटीला असते. गाडीत बसल्यावर त्यांनी ती समोर दिसली त्या बटणाला अडकवली होती आणि उतरताना बंद धरून ओढून घेतली. पिशवीबरोबर चोकही आला.

"आत्या! हे तुम्ही केलंत!"

"काय केलं मी?"

"ही खुंटी आहे का? पिशव्या अडकवायला? सही द्यायची नव्हती तर घरीच सांगायचं होतं, इथे आणून गाडी बंद पाडायची काय गरज होती?"

मी अशी बोलले. लपवत नाही. त्या पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत बसल्या. मी आणखी चार सेल्फ मारले आणि मग बॅटरीही उतरली. दुष्काळात तेरावा महिना.

आता धक्का मारायला माणूस हवा होता. मी रान तुडवत वस्तीवर गेले. तिन्ही घरांना कुलपं. चौथ्या घरासमोर एक म्हातारे बाबा बाजेवर ऊन खात बसले होते. मी म्हटलं, "बाबा, गाडीला धक्का मारायला दोघंतिघं मिळतील का?"

"मानूस पायजे व्हय?" त्यांनी डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघितलं. एका डोळ्यात पांढरं पडलेलं. "मानूस न्हाई बाई हितं. समदी कारखान्याला गेली, ऊस तोडायला. पाडव्याला या."

पाडव्याला! मला त्या परिस्थितीतही हसू आलं. आमच्या पूर्वेच्या बाजूला हे असंच असतं, दिवाळी झाली की वस्त्या रिकाम्या होतात आणि मागे म्हातारे, कोंबड्या आणि कुलपं राहतात. रस्त्यावर एक मोटारसायकलवाला दुधाचे कॅन घेऊन गेला. तो थांबला, चांगला होता बिचारा, पण त्याच्या हाताला प्लॅस्टर. म्हणाला मिरीत सांगतो कुणाला तरी. नगरचं ऑफिस दोनपर्यंतच सह्या घेणार होतं, आणि तारीख पुन्हा मिळायला महिना गेला असता. तोवर आण्णांनी गाडी ठेवली असती होय!

मी एकटीने करून बघितलं. दार उघडं, एक हात स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला, आणि ढकलायचं. गाडी हलते. पण वेग आल्यावर पळत आत उडी मारून क्लच दाबून गिअर टाकेपर्यंत ती थांबते. दोनदा केलं. दुसऱ्यांदा नडगीला दार लागलं.

तेव्हा आत्या बोलल्या. "मी बसू का तुज्या जागी?"

"तुम्हाला काय येतंय?"

"तू सांग. सांगशील तसं करते."

दुसरा मार्ग नव्हता. मी त्यांना ड्रायव्हर सीटवर बसवलं. पाय पोचेनात, म्हणून सीट पार पुढे ओढलं, शेवटच्या खाचेपर्यंत, आणि पाठीमागे माझी शाल चौघडी करून दिली. पिशवी उचलून बाजूच्या सीटवर ठेवली. गिअर मीच दुसऱ्यात टाकला, किल्ली फिरवून ठेवली, चोक आत. मग सांगितलं — आणि काय सांगितलं ते नीट वाचा, कारण पुढे त्याला महत्त्व आहे — "हा डावा, हा क्लच. हा दाबून धरायचा. मी मागून दोन थापा मारल्या की सोडायचा. गाडी सुरू झाली की परत दाबायचा, आणि किल्ली अशी फिरवून बंद करायची नाही. स्टिअरिंग सरळ. बस."

ॲक्सिलरेटरचं मी त्यांना सांगितलंच नाही. ओले प्लग साफ व्हायला तो तळापर्यंत दाबावा लागतो हे मला माहीत होतं. पण बहात्तर वर्षांची बाई, जन्मात स्टिअरिंगला हात न लावलेली, आणि इंजिनला फुल रेस? नको. त्यांना त्या पेडलकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. म्हटलं दोनचार वेळा ढकलू, नशिबाने झाली तर झाली.

पहिल्यांदा ढकललं, थापा मारल्या. काही नाही. आत्यांनी क्लच सोडलाच नाही. मी पुढे जाऊन ओरडले. कशी ओरडले ते लिहीत नाही. दुसऱ्यांदाही तेच. त्या स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून ताठ बसलेल्या, थाप पडली की आणखी ताठ व्हायच्या. मी म्हटलं, "तुमच्यानं होणार नाही, उतरा." त्या म्हणाल्या, "येकदा अजून."

तिसऱ्यांदा मी डिकीला दोन्ही हात लावून ढकलायला लागले. आठ-दहा पावलं गेली असतील, गाडीने थोडा वेग धरला, आणि माझा पाय खडीवरून सरकला. मी तोंडावर आडवी. थाप मारलीच नाही. हे नक्की, शंभर टक्के, कारण माझे दोन्ही तळवे त्या वेळी रस्त्यावर सोलत होते.

गाडी जेमतेम वेगात पुढे चालली होती, ती थांबायला हवी होती. थांबली नाही. झटका बसला, एक मोठा फट्ट आवाज, काळा धूर... आणि इंजिन फुल रेसमध्ये ओरडायला लागलं. तो आवाज मी ओळखते. ॲक्सिलरेटर तळापर्यंत गेल्याशिवाय ती गाडी तशी ओरडत नाही. मी गुडघ्यांवर उठले. आता ही बाई बाभळीत जाणार. माझ्यामुळे. गाडी, सही, पार्लर, काही डोक्यात उरलं नाही. "आत्या, सोडा! आत्या!" म्हणून मी लंगडत पळत सुटले.

आणि मग रेस उतरली. हळूच, जशी उतरवायची असते तशी. क्लच दबला, गिअर पडला — दुसऱ्यातून तिसरा, कुठे खरखर नाही — आणि गाडी सरळ रेषेत निघून गेली. पुढे अडीच-तीनशे फुटांवर विजेची डीपी आहे, तिथे शेतात जायचा रस्ता फुटतो. तिथे उजवा इंडिकेटर लागला. हो, इंडिकेटर! गाडी आत वळली, थांबली, रिव्हर्स घेतली, तोंड फिरवलं आणि माझ्याकडे परत आली. उन्हात पुढची काच चमकत होती, आत कोण आहे ते मला दिसलं नाही. दिसलं असं लिहिलं असतं तर तुम्हाला आवडलं असतं, पण नाही दिसलं. माझ्या शेजारी येऊन गाडी थांबली. न्यूट्रल. हँडब्रेक ओढलेला. इंजिन शांत चालू.

ड्रायव्हर सीटवर आत्या. बाजूचं सीट रिकामं.

मी काच धरून उभी राहिले. आत्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, रगत निघालंय हाताला. पडलीस व्हय? आन् तू उतरलीस कवा?"

"म्हणजे?"

"मगाशी तर शेजारी हुतीस."

"मी मागे होते आत्या. मी पडले. तिथे."

"न्हाई ग. शेजारी बसलीस की, ह्याच डरेसात. म्हनलीस, घाबरू नका, उजवीकडचं पेडल पुरं दाबा, आता क्लच सोडा. माज्या हातावर हात ठिवलास, गिअर तूच टाकलास. म्हनलीस, वळवू या आता, ती मागं ऱ्हायली—" आणि त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं, बाजूच्या सीटकडे बघितलं. त्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं.

मी त्यांना बाजूला बसवलं आणि ड्रायव्हर सीटवर बसले. आणि बसल्याबरोबर लक्षात आलं, मला सीट मागे घ्यावं लागलं नाही. सीट माझ्या खाचेत होतं. मागून तिसऱ्या. मी माझ्या हाताने ते पार पुढे ओढून ठेवलं होतं. आत्या तिथे बसल्या होत्या, आणि त्या खाचेत बसल्यावर आत्यांचे पाय पेडलपर्यंत पोचूच शकत नाहीत. मी नंतर घरी बसवून बघितलं. चार बोटं कमी पडतात. माझी शाल घडी घालून मागच्या सीटवर ठेवली होती, तिच्या शेजारी आत्यांची पिशवी.

तर आता तुमचं सुरू करा. मला माहीत आहे काय काय लिहाल, तिथूनच मी आलेय.

आत्यांना मुलगा बायकोला शिकवताना बघून बघून येत असेल? शक्य आहे. अंगणातच शिकवणी चालायची आमची. पण घरी इंजिन बंद ठेवून त्यांना बसवलं तेव्हा त्यांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेही सांगता आलं नाही. रिव्हर्स म्हटल्यावर त्यांनी वायपर चालू केला. पडल्यामुळे मला भोवळ आली, मीच पळत जाऊन गाडीत बसले आणि विसरले? मग सोललेल्या हातांचं रक्त स्टिअरिंगला, गिअरला लागायला हवं होतं. मी बसेपर्यंत दोन्हींवर रक्ताचा डाग नव्हता. म्हाताऱ्या बाबांना विचारायला मी पाडव्यानंतर पुन्हा त्या वस्तीवर गेले. ते म्हणाले, "बघितलं की, दोघी बसून गेल्या तुमी गाडीत." पण शेवटी आम्ही दोघी बसूनच गेलो होतो, आणि बाबांना एकाच डोळ्याने दिसतं. साक्ष म्हणून शून्य. माझ्या बाजूची असली तरी शून्य.

नगरला आम्ही सव्वा वाजता पोचलो. ऑफिसात साहेबांनी आत्यांना विचारलं, "मावशी, गाडी सुनेच्या नावावर करायला तुमची हरकत नाही ना? कुणाचा दबाव?" मी जमिनीकडे बघत होते. गाडी वाटेत बंद पडली होती. ठरलेल्या बोलीप्रमाणे मी हरले होते, आणि बोली मोडून मागायची माझी सवय नाही.

आत्या म्हणाल्या, "न्हाई हरकत. म्या सोता चालवून बघितलीय गाडी. चांगली हाय." आणि अक्षर अक्षर जुळवत सही केली. साहेब हसले, त्यांना वाटलं म्हातारी गंमत करतेय.

घरी आल्यावर गोष्ट लपली नाही. आण्णांनी ऐकली आणि त्यांचं ताबडतोब ठरलं — धाकट्याचा जीव गाडीत अडकलाय, देवऋष्याला बोलवा, लिंबू-नारळ उतरवा, गाडी घराबाहेर काढा. माझी नणंद फोनवर रडायला लागली, दादानंच वहिनीच्या गाडीला धक्का दिला म्हणून. मला या गोष्टीची जास्त चीड आली. माणूस जिवंत होता तेव्हा त्याच्या कामाचं कुणाला कौतुक नव्हतं, आणि आता माझ्या सोललेल्या हातांचं श्रेयही त्यालाच? आणि ते असते तर मागून ढकललं असतं हो. शेजारी बसून माझा पंजाबी ड्रेस कशाला घातला असता?

आण्णा म्हणाले, "आये, तू सांग. शेजारी धाकटाच हुता का न्हाई?"

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "माजं पोर मी वळखीत न्हाई व्हय? ही हुती. वंदी."

"ही तर मागं पडली हुती म्हनती!"

"मंग दोन हुत्या. तुला काय तरास? आन् लिंबूबिंबू काय न्हाई उतरायचं. सही झालीय. गाडी तिची हाय." बहात्तर वर्षांच्या त्या बाईने पोराकडे असं बघितलं की आण्णा चहा न पिता गेले. माझ्या बाजूने त्या घरात कुणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्यानंतर आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही. मीच एकदा काढला, उन्हाळ्यात, दुपारी शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा. म्हटलं, "आत्या, खरं सांगा. ती मीच होते का? नीट आठवून."

"तूच हुतीस. त्योच डरेस, तीच टिकली, कपाळाला त्योच घाम." त्यांनी दोन-तीन शेंगा फोडल्या. "येक हुतं पर."

"काय?"

"लई मायेनं बोललीस. चौदा वर्सांत कवा तशी बोलली न्हवतीस माज्याशी."

त्यांनी हे तक्रार म्हणून म्हटलं नाही. त्यामुळे जास्त लागलं. मी काहीतरी निमित्त काढून पार्लरच्या खोलीत गेले आणि दार लावून रडले. भीतीने नाही, रागाने. राग त्या बाजूच्या सीटवरच्या बाईचा. ती जी कोण होती तिचा. माझं तोंड घेऊन, माझा ड्रेस घालून आली, आणि मी चौदा वर्षांत जे बोलू शकले नाही ते दोन मिनिटांत बोलून गेली. वर मी मागे रस्त्यात पडलेय हेही तिलाच ठाऊक, माझ्यासाठी गाडी वळवून आणली तीही तिनेच.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल, असं मी स्वतःला सांगून बघितलं, पण सीटची खाच काही त्यात बसत नाही. तुमच्याकडे उत्तर असेल तर लिहा. भूत लिहिणार असाल तर भांडायला मी आहेच. पण एक मी ठरवलंय — ती बाई कुणीही असो, तिला पुन्हा यायची गरज पडू द्यायची नाही.

म्हणून सध्या रविवारी सकाळी मी आत्यांना बाजार समितीच्या मोकळ्या मैदानात गाडी शिकवते. पाठीमागे दोन उशा देऊन. लोक बघतात, आण्णांना कुणीतरी जाऊन सांगतंच. परवा त्यांनी क्लच सोडताना चारदा गाडी बंद पाडली. पाचव्यांदा बंद पडली आणि मी तोंड उघडलं ते ओरडायलाच, सवयच ती... पण मग श्वास घेतला आणि म्हटलं, "असू द्या आत्या. घाबरू नका. पुन्हा दाबा."

आत्यांनी किल्लीवरचा हात काढला, मान वळवून माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, आणि मग हात लांब करून माझा दंड चिमटीत धरून पाहिला.